पाणवनस्पतींच्या टाकीसाठी दिव्याची निवड

शोभिवंत माशांच्या जोडीला काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवून विकता येतात. मात्र नेसरी परिसरात पावसाळ्यात आकाश दिवसेंदिवस ढगाळ राहते व घरातील टाकीस खिडकीचा उजेड पुरत नाही. उन्हाळ्यात थेट ऊन पडल्यास पाणी तापते आणि शेवाळ माजते. म्हणून दिवा लागतो. तो चुकीचा निवडल्यास दिव्याचा व रोपांचा, दोन्ही खर्च वाया जातो.

प्रकाशाचा रंग : हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते. त्यासाठी महागडा जांभळा दिवा घेण्याची गरज नाही. साध्या पांढऱ्या एलईडी दिव्यात हे रंग असतात. वेष्टनावर ६५०० केल्व्हिन लिहिलेला दिवा निवडावा. जुन्या तारेच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते; तो वापरू नये.

प्रकाशाचे प्रमाण : वॅट म्हणजे विजेचा खर्च, ल्युमेन म्हणजे उजेड. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न यांना लिटरमागे साधारण १० ते २० ल्युमेन पुरतात. तांबड्या पानांच्या रोटालास ४० च्या आसपास लागतात. उदाहरणार्थ, ६० लिटर पाण्यास २० प्रमाणे १२०० ल्युमेन हवेत. वॅटला १०० ल्युमेन देणारा १२ वॅटचा दिवा पुरेसा होतो. तो रोज ८ तास लावल्यास महिन्यास सुमारे ३ युनिट वीज लागते. खोल टाकीत तळाशी उजेड कमी पोहोचतो, हे लक्षात घ्यावे.

वेळ : नवीन टाकीस ६ तास, रोपे रुजल्यावर ८ तास उजेड द्यावा. वीज गेल्यास दुसऱ्या दिवशी तास वाढवू नयेत.

लक्षणे ओळखा : पेरे लांबून खालची पाने गळू लागल्यास उजेड कमी आहे असे समजावे. पानांवर शेवाळ चढल्यास प्रथम तास कमी करावेत. नत्र, पालाश किंवा कर्बवायू कमी असताना नुसता उजेड वाढविला, तर रोपांऐवजी शेवाळच पोसते. पिकाला खत न देता नुसते पाणी वाढविण्यासारखेच हे आहे.

दक्षता : दिव्याची जोडणी अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच करावी. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन घ्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

प्रथम एकाच टाकीत काटक वनस्पती लावून महिनाभर नोंदी ठेवाव्यात. नंतरच टाक्या वाढवाव्यात.