हार्ड डिस्कची वाटणी

घरातला मिसळणाचा डबा तुम्ही रोज पाहता. मोठ्या गोल डब्यात लहान लहान वाट्या. मोहरी एकीत, हळद दुसरीत, जिरे तिसरीत. वाट्या काढून टाकल्या तर त्याच डब्यात उलट जास्त जिन्नस मावेल. मग वाट्या कशाला? संगणकाच्या हार्ड डिस्कचे भाग पाडावेत की नाही, आणि पाडायचे तर किती व केवढे, हा प्रश्न असाच आहे. भाग पाडल्याने जागा वाढत नाही, किंचित कमीच होते. तरीही भाग पाडतात.

हा प्रश्न अलीकडे पुष्कळांपुढे आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीच्या नियमित मोफत दुरुस्त्या बंद झाल्या. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र तर धडधाकट आहे, टाकून कसे द्यायचे? अशा वेळी जुनी विंडोज राहू देऊन शेजारी लिनक्स बसवता येते. आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकाचे असेच करायचे आहे. त्यात ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क आहे, आणि सगळी डिस्क हा एकच भाग आहे. त्यातच विंडोज, त्यातच एका जुन्या उपकरणाची आज्ञावली आणि त्यातच विद्यार्थ्यांनी घेतलेली तीन वर्षांची निरीक्षणे. ती पुन्हा घेता येणार नाहीत, म्हणून वाटणी विचार करून केली पाहिजे.

प्रथम डिस्क कशी असते ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि सगळ्या मिळून अवघी ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क हाताच्या तळव्यावर मावते, पण तत्त्व तेच. चुंबकीय लेप दिलेली चकती मिनिटाला बहुधा ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. चकतीवर समकेंद्री वर्तुळाकार मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये पूर्वापार ५१२ बाइट मावतात. सेक्टरांना ०, १, २, ३ असे क्रमांक दिलेले असतात.

आता गंमत पाहा. डिस्कचा 'भाग' म्हणजे अमुक क्रमांकाच्या सेक्टरपासून तमुक क्रमांकाच्या सेक्टरपर्यंतची जागा, एवढेच. चकतीवर कोठेही रेघ ओढलेली नसते, भिंत बांधलेली नसते. गावाकडे भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा माती तीच राहते. बदलतो तो सातबारा. डिस्कचाही असा एक सातबारा असतो. तो अगदी पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ठेवण्याची पद्धत १९८३ सालापासून चालत आली. त्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, शेवटचे २ बाइट खुणेसाठी, आणि मधले ६४ बाइट वाटणीच्या नोंदींसाठी. एका नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणजे नोंदी किती? फक्त ४! या साध्या भागाकाराने जगभरच्या संगणकांना कित्येक वर्षे बांधून ठेवले. यांतील एका नोंदीला 'कोठार' बनवून तिच्या पोटात आणखी भाग करण्याची युक्ती निघाली, पण ती युक्तीच.

दुसरी मर्यादा अशी की सेक्टरचा क्रमांक लिहायला या नोंदीत ३२ द्विमान अंकांचीच जागा आहे. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ करून पाहा. उत्तर सुमारे २.२ लाख कोटी बाइट, म्हणजे २.२ टेराबाइट येते. याहून मोठी डिस्क या सातबाऱ्यावर पूर्ण चढवताच येत नाही. म्हणून नव्या संगणकांत जीपीटी नावाची पद्धत वापरतात. तिच्यात क्रमांकाला ६४ अंकांची जागा आहे, सामान्यतः १२८ नोंदींची सोय आहे, आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. आमचा संगणक जुना आहे. त्याचा सातबारा चार नोंदींचाच.

भाग पाडण्याची कारणे काय? पहिले कारण सर्वांत महत्त्वाचे. प्रणाली बिघडली की ती पुसून नव्याने बसवावी लागते. निरीक्षणे, छायाचित्रे, निबंध वेगळ्या भागात असतील तर प्रणालीचा भाग खुशाल पुसता येतो. दुसरे कारण, एकाच्या पसाऱ्याने दुसऱ्याची जागा खाऊ नये. पुण्यातील महासंगणकांवर हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली आणि तिचा 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ साली तयार झाला. याच घराण्यातील 'परम ब्रह्म' २०१९ साली पाषाण येथील आयसर संस्थेत बसवला गेला. अशा यंत्रावर वापरणाऱ्याला 'होम' आणि 'स्क्रॅच' अशा दोन जागा मिळतात. जपून ठेवायचे ते होममध्ये. गणित चालू असताना निघणारा प्रचंड कच्चा माल स्क्रॅचमध्ये. स्क्रॅच म्हणजे पाटी, होम म्हणजे वही. तेथे एका डिस्कचे दोन भाग नसून अनेक डिस्कांच्या दोन मोठ्या जागा असतात, पण विचार तोच. तिसरे कारण, दोन प्रणाली. विंडोज व लिनक्स यांची फायली मांडण्याची रीत निराळी, म्हणून त्यांना निराळी जागा लागते.

चौथे कारण आता इतिहासजमा झाले आहे, पण त्यातले गणित छान आहे. १९९० च्या दशकात फॅट-१६ ही पद्धत चालत असे. तिच्यात एका भागात सुमारे ६५ हजार खणच मोजता येत. भाग २ गिगाबाइटचा असेल तर एकेक खण ३२ किलोबाइटचा होई, आणि एका खणात एकाच फाईलला प्रवेश. 'पुणे' एवढाच शब्द लिहिलेली फाईल घ्या. आजच्या यूटीएफ-८ लेखनात प, उकार, ण आणि मात्रा यांना प्रत्येकी ३ याप्रमाणे १२ बाइट लागतात. त्या १२ बाइटांसाठी ३२ किलोबाइटचा खण अडणार! प्रत्येक फाईलचा शेवटचा खण सरासरी अर्धा रिकामा राहतो असे धरले, तर १०,००० फायलींमागे सुमारे १६० मेगाबाइट वाया. त्याच डिस्कचे चार भाग केले तर खण ८ किलोबाइटचा होई आणि नुकसान सुमारे ४० मेगाबाइटवर येई. म्हणून त्या काळी सी, डी, ई, एफ असे भाग पाडत, आणि ते शहाणपणाचे होते. आजच्या पद्धतींत खण बहुधा ४ किलोबाइटचाच असतो. कारण संपले, सवय मात्र उरली. अजूनही काही जण विचारल्याशिवाय डिस्कचे चार सारखे तुकडे करून देतात.

भौतिकशास्त्रातले एक कारण सांगायचे राहिले. चकती एकाच कोनीय वेगाने फिरते, म्हणून कडेचा बिंदू आतल्या बिंदूपेक्षा जास्त वेगाने धावतो. केंद्रापासून ४.६ सेंटिमीटरवर हा वेग सेकंदाला सुमारे ३५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२५ किलोमीटर होतो! बाहेरचा मार्ग लांब असल्याने त्यावर सेक्टरही जास्त असतात, आणि एका फेऱ्यात जास्त मजकूर वाचला जातो. क्रमांक बाहेरून सुरू होतात, म्हणून डिस्कचा पहिला भाग शेवटच्या भागापेक्षा जलद चालतो. ज्यात फिरणारे काही नाही अशा एसएसडीला हे लागू नाही.

आता आमची वाटणी. ५०० गिगाबाइट म्हणजे कारखान्याच्या हिशेबाने ५०० कोटी गुणिले १००. विंडोज मात्र १०२४ च्या पटीने मोजते, म्हणून तिला ती डिस्क ४६५ च दिसते. कोणी चोरले नाही, एकक बदलले. विंडोज व तिच्या आज्ञावल्यांनी ९० व्यापले आहेत. वाढीला जागा ठेवून १३० देऊ. दुरुस्त्या थांबल्यामुळे ती फक्त त्या जुन्या उपकरणासाठी, इंटरनेटला न जोडता वापरायची. लिनक्सला ६० पुष्कळ झाले. निरीक्षणांना २४०. राहिले ३५, ते लिनक्सच्या लगत मुद्दाम पडीक ठेवायचे. कारण भागाची सीमा फक्त शेजारच्या मोकळ्या जागेतच पुढे सरकवता येते. भागाची सुरुवात सरकवायची झाली तर आतला सगळा मजकूर उचलून हलवावा लागतो. त्यात तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर सगळेच गेले.

नोंदी मोजा. विंडोजने सुरुवातीला स्वतःसाठी राखलेला अर्ध्या गिगाबाइटचा छोटा भाग एक, विंडोज दोन, लिनक्स तीन, निरीक्षणे चार. लिनक्सला स्मृती अपुरी पडली की डिस्कची थोडी जागा लागते. तिला वेगळा भाग देण्याची जुनी रीत आहे, पण तो पाचवा होईल. तेव्हा लिनक्सच्या भागातच ८ गिगाबाइटची फाईल करून ती गरज भागवायची.

निरीक्षणांच्या भागाला एनटीएफएस पद्धत, कारण ती दोन्ही प्रणालींना वाचता येते. फॅट-३२ सुद्धा दोघींना वाचता येते, परंतु तिच्यात ४ गिगाबाइटहून मोठी फाईल ठेवता येत नाही, आणि लंबकाच्या दोलनांचे दीर्घ चित्रीकरण तेवढे सहज होते.

हे सारे करण्यापूर्वी निरीक्षणांची प्रत वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती उघडून पाहायची. डी भागात प्रत ठेवली की झाले, असे पुष्कळांना वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा ओसरी आणि माजघर यांमधल्या भिंतीने वाडा वाचवला नाही. डिस्कची मोटर किंवा वाचणारे टोक बिघडले तर सी आणि डी एकदमच जातात.

करून पाहा: संगणकावर दहा-बारा ओळींचा मराठी मजकूर लिहून साध्या मजकुराची फाईल म्हणून साठवा. विंडोजमध्ये त्या फाईलचे गुणधर्म उघडले की 'आकार' आणि 'डिस्कवरील आकार' असे दोन आकडे दिसतील. त्यांतील फरक वहीत लिहा. मग ओळी वाढवत जा आणि दुसरा आकडा कोणत्या पायऱ्यांनी उडी घेतो ते पाहा. एक-दोन ओळींच्या फाईलला तो शून्यही दिसू शकेल. एनटीएफएस अशी चिमुकली फाईल आपल्या नोंदवहीतच लिहून ठेवते, तिला खण देतच नाही.