ताडपत्रीखालचं मीठ

मे महिन्यात मागच्या अंगणात तुळशीभोवती ओटा बांधला आणि सात-आठ गोण्या रेती उरली. आमच्या आंबिवलीच्या गल्लीत पहिल्याच पावसात गटार तुंबतं. त्यात आपली रेती वाहून गेली तर शेजाऱ्यांचं कोण ऐकणार? म्हणून ढिगावर ताडपत्री टाकली, कडेला विटा ठेवल्या. गल्लीतल्या मांजरांची मात्र तिच्याखाली चार महिने छान सोय झाली.

दिवाळीआधी न्हाणीघराच्या भिंतीचा गिलावा करायचा निघाला. घरात रेती असताना विकत कशाला आणायची? तरी मी आंधळेपणाने वापरली नाही. उभट काचेच्या बरणीत अर्धी रेती, वर चमचाभर मीठ विरघळवलेलं पाणी, खळाखळा हलवून तीन तास ठेवली. वर बसलेला गाळ रेतीच्या 8 टक्क्यांहून जास्त नसावा म्हणतात. माझा तर जेमतेम सुतभर. खुशीत एकास चार माल कालवून घेतला.

फेब्रुवारीत भिंतीवर पांढरी झाक आली. ब्रशने घासली, आठवड्यात परत हजर. मग रंगाचे पोपडे सुटले. नखाने उकरलं तर आतून पिठासारखी भुकटी. लोणा लागला होता.

मिस्त्रीने उरलेल्या ढिगातली चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकला. "काका, ही खाडीची आहे. शिंपल्यांचे तुकडे दिसले नाहीत?" रेतीवाल्याने नदीची म्हणून दिली होती. (मांजरांचं मी मिस्त्रीला अजून सांगितलेलं नाही.)

कल्याण-मुंब्र्याच्या खाडीतून वर्षानुवर्षं रेती निघत आली आहे. भरतीच्या पाण्यात भिजलेली ती रेती नीट धुतली नाही तर मीठ तिच्यातच राहतं. बरणीत गाळ कळतो, मीठ विरघळून जातं. त्यातून गाळ लवकर बसावा म्हणून मी स्वतःच पाण्यात मीठ घातलेलं! ढीग उघडा असता तर पावसाने थोडंफार धुतलं तरी असतं. मी ते ताडपत्रीखाली जपून ठेवलं.

जिभेवर ठेवायचं धाडस नसेल तर मूठभर रेती वाटीभर साध्या पाण्यात ढवळा. निवळलेलं पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात आटवा. शेजारच्या ताटलीत तेवढंच नुसतं नळाचं पाणी ठेवा, कारण नळाच्या पाण्याचाही थोडा डाग उरतो. रेतीच्या ताटलीत पांढरं ठळकपणे जास्त दिसलं, तर ती रेती गिलाव्यात नको आणि झाडांच्या कुंडीतही नको. लिंटेल, स्लॅब, जिथे सळई आहे तिथे तर बिलकूल नको. मिठाने सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. पेव्हर ब्लॉकखाली अंथरायला चालते, तेही भिंतीपासून हातभर लांब. माझी फाटकापाशी गेली.

जुना गिलावा विटेपर्यंत फोडला. या वेळी मिस्त्रीने मोजून क्रश सँड मागवली. शेवटी दोन घमेली कमी पडली, ती त्याने दुसऱ्या साइटवरून आणली. तो माल कालवायला बसला, तेव्हा मी त्याला थांबवून ताटली आणायला आत गेलो.