धुऱ्यावरची निलगिरी

बाळा, निलगिरी लावायचीच असेल तर आधी विहीर बघ. विहिरीच्या आसपास नको, पऱ्हाटीच्या तासांना लागून तर नकोच. हे झाड पाण्याला फार खादाड. बेंबळा धरण आपल्या तालुक्यात असलं तरी कालव्याचं पाणी प्रत्येकाच्या वावराला लागत नाही. नाल्याकडचा किंवा रस्त्याकडचा धुरा धर. दक्षिणेच्या धुऱ्यावर लावलीस तर हिवाळ्यात सावली तुझ्याच तुरीवर, उत्तरेला लावलीस तर शेजाऱ्याच्या वावरात, आणि मग भांडण तुझ्या दारात.

काळ्या जमिनीत पाणी साचतं तिथे रोप तग धरत नाही. उंचवटा करून लाव. रोप बियाण्याचं घेऊ नको, क्लोनचं घे. भद्राचलमच्या कागद कारखान्याने वेचक झाडांपासून क्लोन काढले तेव्हापासून रांगेतली झाडं एकसारखी वाढायला लागली. बियाण्याचं एक झाड उंच, दुसरं ठेंगू.

चार-पाच वर्षांनी तोड, पण खोड जमिनीपासून वीतभर ठेव आणि काप तिरपा दे, पाणी साचून बुंधा कुजायला नको. फुटवे झुबक्याने येतात. जोमदार एक-दोन ठेव, बाकीचे खुडून टाक. तोडलेल्या बल्लीची साल ओली असतानाच सोल, नंतर हात सोलून निघतील. बल्ल्या सावलीत रच आणि दोन्ही टोकांना शेणाचा जाड लेप दे, नाहीतर उन्हात उभ्या चिरतात. स्लॅबच्या सेंट्रिंगला चालतात, पण कुंपणाला तशाच गाडल्या तर वाळवी खाऊन टाकते.

फुलाची गंमत बघून घे. कळीला टोपी असते. टोपी गळाली की आत पाकळ्या नाहीतच, नुसते पांढरे केसर. मधमाश्या तुटून पडतात. तेव्हा शेजारच्या पऱ्हाटीवर फवारणी टाळ. टाळता येत नसेल तर माश्या घरी गेल्यावर, सांजच्याला कर.

पानं चोळून नाकाला लावतोस, ते ठीक. पण आपल्या धुऱ्यावरच्या जातीत तेल थोडं. दुकानातल्या बाटलीतलं तेल बहुतेक दुसऱ्याच जातीचं असतं. ती बाटली उंचावर ठेव. लहान पोराच्या पोटात चमचाभर गेलं तरी झटके येतात. तसं झालं तर उलटी काढत बसू नको, थेट दवाखाना गाठ. तान्ह्या बाळाच्या नाकाला तर थेंबही लावू देऊ नको, आजीने कितीही सांगितलं तरी.