डबी श्वास घेते

झाकण उघडलं आणि आधी वास आला. पावसाळ्यात बंद घराच्या भिंतींना येतो तसा, कुबट. मग कागद दिसला. मे महिन्यात मी ठेवला तेव्हा तरी तो कागद होता. आता त्याचा भिजवून विसरलेल्या पोह्यांसारखा लगदा झाला होता आणि वर जांभळट पाणी तरंगत होतं. श्रावण नुकताच लागला होता. मुळशीकडे मामांच्या शेताच्या बांधावर, जांभळाच्या बुंध्याशी मी खांद्यावर छत्री तोलत उकिडवी बसले होते. मागे उभे राहून मामा विचारत होते, "काय गं, बुडाली का तुझी कॅश?"

ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, हे त्यांना पटवण्यात माझे तीन महिने गेले होते. जिओकॅशिंग हा शोधाशोधीचा खेळ आहे. कुणीतरी एखादी डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. दुसरं कुणी मोबाइलवर जीपीएस लावून ती हुडकत येतं. सापडली की आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी ठेवायची आणि निघायचं. त्या कागदाला लॉगशीट म्हणतात. डबीत खेळणी, नाणी असली तर असली, लॉगशीट मात्र हवीच. ती गेली की मागे उरतो नुसता प्लास्टिकचा डबा.

हा नाद मला लागला अमेरिकेत, पोर्टलंडला नोकरीसाठी दोन वर्षं होते तेव्हा. खेळ जन्मला तोही तिथेच. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकी सरकारने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. शंभरेक मीटरचा अंदाज एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक परिसरात एक बादली ठेवली. तिच्यात किरकोळ चीजवस्तू होत्या, एक वही होती आणि एक पेन्सिल. ही पेन्सिल लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

पोर्टलंडचा पाऊस प्रसिद्ध, पण तो रिपरिप्या. वर्षाकाठी साधारण ९०० ते १००० मिलिमीटर, तोही महिनोन्‌महिने वाटून. मुळशीच्या घाटमाथ्यावर तेवढा पाऊस एकट्या जुलैत सहज पडतो. तरीही मला वाटलं, पावसाळी मुलखातला अनुभव गाठीशी आहे, आपल्याला काय कठीण! चारही बाजूंनी खटके असलेला अर्ध्या लिटरचा डबा घेतला, झाकणात रबरी कडी. घरच्या इंकजेट प्रिंटरवर सुबक लॉगशीट छापली, झिपच्या पिशवीत घातली, सोबत जेल पेन आणि सिलिका जेलची पुडी. बुंध्याच्या खोबणीत डबा नीट बसवला आणि वर चपटा दगड ठेवला. पाणी आत जायला वाटच नव्हती. असं मला वाटलं.

पाणी आलं कुठून?

त्या दिवशी पडवीत जुन्या वर्तमानपत्रावर डबा उपडा केला आणि एकेक वस्तू वेगळी काढली. रबरी कडीखाली भाताचं एक तूस अडकलं होतं. नखाएवढं. झिपच्या पिशवीला पेनाच्या टोकाने बारीक भोक पडलं होतं. सिलिका जेलचे मणी भिजून गच्च झाले होते. आणि मुख्य लॉगशीटशेजारी आणखी एका कागदाचा लगदा होता. कुणा भल्या माणसाने ओली लॉगशीट बघून शेजारी कोरा कागद ठेवला होता. ओल्याशेजारी कोरडा ठेवला की ओला काही वाळत नाही, कोरडाच भिजतो.

पण एवढं सगळं धरूनही हिशेब जुळेना. डब्यात चहाचा अर्धा कप भरेल इतकं पाणी होतं. तुसाएवढ्या फटीतून एवढं कसं शिरलं? पावसाळी हवेतली वाफ आत धरली गेली आणि रात्री तिचं पाणी झालं, असं आधी वाटलं. मग आकडे मांडले. तीस अंशाला हवा कितीही दमट असली तरी अर्ध्या लिटरात पंधराएक मिलिग्रॅमच वाफ मावते. तेवढ्याने एक थेंबसुद्धा पुरा होत नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. डबी श्वास घेते. दुपारी ऊन लागलं की आतली हवा फुगते आणि मिळेल त्या फटीतून थोडी बाहेर पडते. संध्याकाळी वळीव कोसळला की डबा झटकन गार होतो, हवा आकसते आणि रिकामी झालेली जागा भरायला बाहेरून ओढ घेते. फटीशी हवा असेल तर हवा ओढली जाते, पाणी साचलेलं असेल तर पाणी. डबा चाळीस अंशांवरून बावीसवर आला तर आतली हवा जवळपास सहा टक्के आकसते. अर्ध्या लिटरच्या डब्यात ती ओढ तीस मिलिलिटरच्या घरात जाते, म्हणजे दोन मोठे चमचे. असे चार-पाच श्वास झाले की अर्धा कप भरतो. आणि मी डबा ठेवला होता कुठे, तर खोबणीत, म्हणजे आयत्या वाटीत. पाऊस पडला की झाकणाभोवती तळं, वर दगड असल्यामुळे ते आटायचंही नाही. पाणी स्वतःहून शिरलं नव्हतं, डब्यानेच ते प्यायलं होतं.

सिलिका जेलचाही भाव यावरून कळतो. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी धरेल. समोर तीस मिलिलिटर आल्यावर ती काय करणार? उलट भिजलेली पुडी कागदाला चिकटून बसली की ओलावा तिथेच राहतो. तांदळाची पुरचुंडी तर नकोच. बुरशी धरते, मुंग्या येतात, आणि खायच्या वासाने उंदीर डबा कुरतडतात.

लगदा मी ओढून सोडवला नाही. ओला कागद ओढला की फाटतोच. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवला, घड्या दर दोन तासांनी बदलल्या, पंख्याखाली दोन दिवस वाळवला. तोवर गाळलेल्या पाण्यात सात जणांच्या नोंदी गेल्या होत्या. माझं छापील शीर्षकही इंकजेटच्या शाईबरोबर वाहून गेलं होतं. सगळ्यात खाली, तिरकं, मोठ्या बाळबोध अक्षरात एकच ओळ शाबूत होती: "सापडलं! बाबा घसरले." ती पेन्सिलीने लिहिलेली होती.

शिसपेन्सिलीत शाई नसते. ग्रॅफाइटची भुकटी कागदाच्या तंतूंत अडकून बसते आणि पाण्यात विरघळत नाही. जेल पेनची शाई बहुतेक पाण्यातलीच, ती पाण्याबरोबर परत जाते. बॉलपेनची तेलकट शाई तग धरते, पण ओलसर कागदावर उमटायलाच कुरकुरते. पोर्टलंडजवळच्या त्या पहिल्या बादलीत पेन्सिल होती, आणि मी शहाणी जेल पेन ठेवून आले होते.

भिजणार, हे धरूनच चाला

रात्री जेवताना मी लोणच्याच्या बरणीकडे हात नेला तर मामींनी तो अडवला. "आधी हात पूस. बरणी वर्ष काढते ती बरणीच्या गुणाने नाही, हाताच्या गुणाने." बरणीला झाकण असतं, झाकणावर दादरा बांधलेला असतो, वर तेलाचा तवंग असतो. एकावर भिस्त ठेवून कुणी लोणचं घालत नाही. मी मात्र एका रबरी कडीवर सगळा पावसाळा टांगला होता.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. पाणी कसं अडवू, हा विचार सोडला. पाणी आलं तर निघून कसं जाईल आणि भिजलं तरी अक्षर कसं राहील, एवढंच बघते.

पहिली गोष्ट जागा. खोबण, खळगा, दगडांमधली वाटी टाळा. डबा दोन चपट्या दगडांवर उचलून ठेवा, खालून वारा खेळला पाहिजे. वरचा दगड उताराकडे कलता ठेवा, पागोळीचं पाणी झाकणावर पडता कामा नये. सकाळ-दुपार सावली असेल तर डब्याचे श्वासही लहान होतात. फिरकीच्या झाकणाची नळी असेल तर तोंड खाली करून टांगा.

दुसरी गोष्ट, डब्यात डबा. बाहेरच्या डब्याच्या बुडाला कुंडीला पाडतो तशी तीन-चार भोकं पाडा. त्याचं काम ऊन, चिखल आणि धार अडवायचं, आलेलं पाणी धरून ठेवायचं नव्हे. आतली डबी मात्र घट्ट हवी. सोड्याची बाटली फुगवण्याआधी जी जाड नळी असते, जिला कारखान्यात प्रीफॉर्म म्हणतात, तिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची वस्तू मला सापडलेली नाही. वायूचा दाब धरणाऱ्या बाटलीचेच आटे तिला असतात. उलट कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डब्या दिसायला गोंडस, पण त्यांचं दाबून बसवायचं झाकण पावसात टिकत नाही.

तिसरी गोष्ट परीक्षा, आणि ती घरीच घ्या. डबीत घडी केलेला टिश्यू पेपर घाला, तासभर कडक उन्हात ठेवा आणि तापलेली असतानाच गार पाण्याच्या बादलीत दगड ठेवून बुडवा. रात्रभर राहू द्या. नुसती बुडवून पाहिलेली डबी खोटी पास होते. तापवून बुडवली की ती श्वास घेते आणि खरं काय ते बोलते. माझ्या चार डब्यांपैकी दोन अशाच नापास झाल्या.

चौथी गोष्ट कागद. अमेरिकेत टॅकोमा इथे तयार होणारा 'राइट इन द रेन' हा लेपवाला कागद मूळचा जंगलात काम करणाऱ्या लाकूडतोड्यांसाठी निघाला. भिजलेला असतानाही त्यावर पेन्सिलीने लिहिता येतं. टायव्हेक हा प्लास्टिकच्या तंतूंचा, सहज न फाटणारा ताव. धावण्याच्या शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक अनेकदा त्याचाच असतो. मी माझ्या जुन्या क्रमांकांच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या. गुळगुळीत बाजूवर पेन्सिल जरा फिकी उठते, बॉलपेन बरं चालतं. चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या दगडी कागदावर पेन्सिल छान चालते, फक्त त्याला ऊन लागू देऊ नका. टायव्हेक आणि दगडी कागदात लाकडाचा लगदा नसल्याने वाळवीलाही त्यात खायला काही मिळत नाही. साधाच कागद वापरायचा झाला तर निदान शीर्षक लेझर प्रिंटरवर छापा. त्याची भुकटी उष्णतेने कागदाला चिकटलेली असते, ती वाहत नाही. लॅमिनेशन मात्र करू नका. लॉगशीट लिहायला असते, भिंतीवर लावायला नव्हे.

झिपची पिशवी कागदापेक्षा दोन बोटं मोठी घ्या. नेमक्या मापाची घेतली की कोपरा झिपमध्ये अडकतो आणि तिथूनच ओल चढते. पेन्सिल पिशवीच्या बाहेर ठेवा, तीही बोटभर आणि बोथट टोकाची.

पाचवी गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवायची. मृगाच्या आधी एक फेरी: रबरी कडी काढून धुवायची, पुसायची, चिरली असेल तर बदलायची. दसऱ्यानंतर दुसरी. दर फेरीत लॉगशीटचा फोटो काढा, भरलेली किंवा दमट झालेली घरी आणून जपा. आणि जिथे जुलैत ओढे वाट अडवतात, तिथली कॅश पावसाळ्यापुरती बंद ठेवा. खेळाच्या नियमांत तशी सोय आहे. हट्टापायी कुणाचा पाय मोडायला नको.

जागामालकाची परवानगी आणि डबी न पुरण्याचा नियम सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडे एक जोड हवी. डबी पारदर्शक घ्या आणि वर ठळक मराठीत लिहा, 'हा खेळ आहे, आत फक्त कागद आहे.' बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, आणि त्यांचं चुकत नाही. गडकोटांवर आणि अभयारण्यांत तर डबी नेऊच नका.

शोधणाऱ्यांसाठी

निम्मी काळजी शोधणाऱ्याच्या हातात असते. धो धो पावसात डबी उघडू नका, छत्रीखाली तर नाहीच. छत्रीच्या काडीवरून निथळणारा थेंब नेमका कागदावर पडतो. हात शर्टाला नव्हे, कोरड्या रुमालाला पुसा. पिशवीतली हवा दाबून काढा, झिपवरून दोनदा बोट फिरवा. झाकण लावण्याआधी कडीवरून बोट फिरवून गवताची काडी, केस, वाळूचा कण काढा, आणि चारही खटके वाजेपर्यंत दाबा. लॉगशीट ओली आढळली तर शेजारी नवा कागद कोंबू नका. मालकाला कळवा आणि फोटो पाठवा.

गेल्या भाद्रपदात पुन्हा बांधावर गेले. मामाही आले, या वेळी गुडघे धरून शेजारी बसले. बाहेरचा डबा उघडला तर बुडाला चमचाभर चिखल आणि भोकातून आत आलेली एक बेडकी. ती टुणकन उडाली आणि मामा दचकले. आतली नळी पुसून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आटे फिरवले, टायव्हेकची गुंडाळी उलगडली आणि चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने नावं वाचायला लागले. तेरा होती. पेन्सिलीने लिहिलेली, थोडी फिकी, पण सगळी वाचता आली.

वाचून झाल्यावर त्यांनी पेन्सिल उचलली, आणि लिहिण्याआधी हात धोतराला पुसला. मी म्हटलं, "मामा, धोतर ओलं आहे." मग त्यांनी माझा रुमाल मागितला.