तलफ आणि लक्ष

तंबाखू सोडणे कठीण, हे सर्वजण जाणतात. परंतु सोडलेली तंबाखू मनुष्य पुन्हा का धरतो, याचा विचार फारसे कोणी करीत नाही. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जाते. प्रारंभीची चिडचिड व अस्वस्थताही काही आठवड्यांत ओसरते. मग सहा महिन्यांनी तलफ येते ती कोठून?

असा एक शेतकरी दुपारी बांधावर विसावला आहे, अशी कल्पना करा. आंब्याची दाट सावली आहे, पाटाचे पाणी झुळझुळत आहे, बैल रवंथ करीत आहेत. इतक्यात शेजारचा सोबती कमरेची चंची सोडतो आणि तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळू लागतो. त्याबरोबर सावली, पाणी, बैल सारे जणू नाहीसे होते आणि त्या शेतकऱ्यास केवळ तो तळहात दिसू लागतो! वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदूने ती खूण ओळखून ठेवलेली असते. खूण दिसताच लक्ष तिकडे धावते. लक्ष लागले की तलफ वाढते. आणि वाढलेली तलफ लक्षाला तेथून हलू देत नाही. ‘एका चिमटीने काय होणार?’ हा प्रश्न नेमका याच वेळी सुचतो. घरची माणसे याला मनाचा दुबळेपणा म्हणतात. ते पुरते न्याय्य नव्हे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या सुमारास लहान मुलांवर काही प्रयोग केले. धीर धरणाऱ्यास अधिक चांगला खाऊ मिळे. खाऊ डोळ्यांसमोर असला की मुलांचा धीर लवकर सुटे. तो दृष्टीआड ठेवला, की ती पुष्कळ अधिक वेळ थांबत. खाऊ म्हणजे तंबाखू नव्हे, हे खरे. पण लक्षाची रीत दोहोंकडे सारखीच.

मात्र ‘तंबाखू आठवायची नाही’ असे घोकून भागत नाही, कारण त्या घोकण्यातही तंबाखूच असते. लक्षाला दुसरे काम द्यावे लागते. त्या शेतकऱ्याने उठून विहिरीवर जावे, तोंड धुवावे, पाणी प्यावे. किंवा बसल्या जागी तलफेकडेच पाहावे: ती घशात जाणवते की बोटांत, कशी चढते, कशी उतरते? बहुधा काही मिनिटांत ती उतरतेच. अशा रीतीने खूण वारंवार रिकामी गेली की तिचा जोर कमी होतो. ती पुसली मात्र जात नाही. कित्येक वर्षांनी जत्रेत जुना सोबती भेटला आणि त्याने चंची सोडली, तरी ती पुन्हा जागी होऊ शकते.