विमानातून आले, मदत मागायला

अमेरिकेत डेट्रॉईट नावाचे मोठे शहर आहे. मोटारींचे शहर म्हणून ते जगात ओळखले जाते. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्या तिथल्याच. त्या मुलखातल्या हजारो घरांची चूल या कंपन्यांच्या पगारावर पेटत आली. बाप कारखान्यात, मुलगा कारखान्यात, नातूही कारखान्यात. आपल्या मुंबईच्या गिरणगावात एके काळी होते, तसेच म्हणा ना.

या तीन कंपन्यांच्या तीन बड्या साहेबांची ही हकिगत आहे. ती २००८ साली घडली. साहेबांनी चोरी केली नव्हती. लाच खाल्ली नव्हती. ते फक्त विमानात बसले, आणि तेवढ्यावरून सगळा देश त्यांच्यावर संतापला. असे का झाले, ते आपण या पाठात पाहू.

त्या वर्षी अमेरिकेत पेट्रोल महाग झाले होते. जुलै महिन्यात एका गॅलनला चार डॉलरच्या वर भाव गेला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. तिकडे घर एकीकडे, काम दुसरीकडे. मोटारीशिवाय माणसाचे पान हलत नाही. डेट्रॉईटच्या कंपन्या तेव्हा भल्यामोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर जास्त नफा कमवीत. लोकांनी त्या गाड्या घेणे सोडले.

त्यातच सप्टेंबरात मोठमोठ्या बँका डबघाईला आल्या. घरे घेण्यासाठी त्यांनी नको त्याला, नको तेवढी कर्जे देऊन ठेवली होती. ती बुडू लागली. लेहमन ब्रदर्स नावाच्या बड्या पेढीने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळे जाहीर केले. मग उरलेल्या बँकांनी हात आखडता घेतला. आता, रोख पैसे मोजून नवी मोटार घेणारा माणूस तिकडेही थोडाच. बहुतेकांचा कारभार हप्त्यांवर. कर्ज नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही. तयार गाड्या आवारात उभ्या राहिल्या आणि कंपन्यांची तिजोरी आटू लागली.

सरकारने बँकांना सावरण्यासाठी ऑक्टोबरात ७०० अब्ज डॉलर मंजूर केले होते. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. मोटार कंपन्या म्हणाल्या, बँकांना मिळाले, तर आम्हांलाही द्या. आम्हांला २५ अब्ज डॉलर कर्जाऊ हवेत. आम्ही बुडालो तर आमच्याबरोबर लाखो कामगार बुडतील. यात खोटे काही नव्हते.

हे गाऱ्हाणे घेऊन तिन्ही साहेब नोव्हेंबरात राजधानीला, म्हणजे वॉशिंग्टनला गेले. जनरल मोटर्सचे रिक वॅगनर, फोर्डचे ॲलन मुलॅली आणि क्रायस्लरचे रॉबर्ट नार्डेली. गेले ते विमानाने. आता विमानाने जाण्यात वावगे काय? त्या मार्गाने रोज कितीतरी माणसे तिकीट काढून जातात. पण हे तिकिटाच्या विमानाने गेले नाहीत. कंपनीच्या खास विमानाने गेले. बरे, तिघांत मिळून एक विमान केले, असेही नाही. तीन साहेब, तीन विमाने! वॅगनर यांच्या जाण्यायेण्याचा खर्च अंदाजे २०,००० डॉलर होता, असे तेव्हा बातम्यांत आले. साध्या विमानाचे तिकीट तीनशे डॉलरच्या आत मिळत होते.

अमेरिकेत आपल्या लोकसभेसारखी एक सभा आहे. १९ नोव्हेंबरला तिच्या समितीपुढे तिघे बसले. न्यूयॉर्कचे सभासद गॅरी ॲकरमन यांनी विमानांची गोष्ट काढली. अन्नछत्राच्या दारात एखादा उंची पोशाख करून उभा राहावा, तसे हे दिसते, अशा अर्थाचे ते बोलले. कॅलिफोर्नियाचे सभासद ब्रॅड शर्मन यांनी सरळ हात वर करायला सांगितले. साध्या विमानाने कोण आले? एकही हात वर झाला नाही. मग त्यांनी विचारले, आपले विमान इथेच विकून साध्या विमानाने परत जायला कोण तयार आहे? तेव्हाही हात खालीच राहिले. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरांना मास्तरांनी उभे करावे, तसे ते दृश्य होते. साऱ्या देशाने ते घरी बसून पाहिले.

आता थोडा हिशेब करू. २०,००० डॉलर ही रक्कम २५ अब्ज डॉलरांत साडेबारा लाख वेळा बसते. म्हणजे साहेब पायी गेले असते, तरी कंपनीचे दुखणे रतीभर कमी झाले नसते. मग लोकांचा राग वेडेपणाचा होता काय? आम्हांला तसे वाटत नाही.

गावात सोसायटीचे कर्ज मागायला शेतकरी जातो. सातबारा हातात घेऊन सकाळपासून ओसरीवर बसतो. सचिव विचारतात, जनावरे किती, मागचे देणे किती, विहिरीला पाणी किती. तो सगळ्याची उत्तरे देतो. अशा वेळी कोणी ताशा-वाजंत्री लावून जात नाही. ज्याच्याकडून घ्यायचे, त्याला आपली नड खरी वाटली पाहिजे, एवढे त्याला कळते. इथे तर पैसा जनतेच्या कराचा होता. हॉटेलात ताटे उचलणाऱ्या बाईचा होता, ट्रक चालवणाऱ्या माणसाचा होता. त्याच दिवसांत लाखो कुटुंबांची घरे कर्जापायी जप्त होत होती. त्यांना कोणी २५ अब्ज देत नव्हते.

या गोष्टीत आम्हांला सर्वांत नवल वाटते ते निराळेच. हे कसे दिसेल, हे निघण्याआधी तिघांपैकी एकाच्याही मनात आले नाही. दिमतीला एवढे हुशार लोक, पण कोणी म्हटले नाही की साहेब, आज विमान नको. टीका झाल्यावर कंपन्यांनी उत्तर दिले की, साहेबांनी खास विमानानेच प्रवास करावा असा सुरक्षेसाठी आमचा नियमच आहे. ते खरेच असेल. त्यांच्या जगात तो साधा नियम होता.

असे जग एका दिवसात तयार होत नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या कचेरीत बडे साहेब चौदाव्या मजल्यावर बसत. चौदावा मजला म्हणजे काय, हे सगळ्या डेट्रॉईटला ठाऊक होते. तिथे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला जाता येत नसे. शिवाय साहेबांना कंपनीची नवी कोरी मोटार मिळे. पेट्रोल कंपनीचे, धुणे-पुसणे कंपनीचे, बिघाड झाला तर दुरुस्तीही कंपनीच करणार. गंमत पाहा. जे देशाला मोटारी विकत, त्यांना दुकानात जाऊन मोटार घेण्याचा प्रसंगच येत नसे. हप्ता चुकला की काय होते, पेट्रोलचा भाव वाढला की खिसा कसा फाटतो, दोन वर्षांत गाडी खडखडू लागली की किती हेलपाटे पडतात, हे त्यांना कागदावर दिसे. अंगाला लागत नसे. त्याच वेळी जपानी कंपन्यांच्या लहान, टिकाऊ गाड्या अमेरिकेत घरोघरी पोचत होत्या. लोकांपासून तुटलेला साहेब धंद्यालाही महाग पडतो, तो असा.

पगाराचेही तसेच. कंपनीचे खरे मालक म्हणजे तिचे शेअर घेणारे भागधारक. बडे साहेब हे मोठ्या पगाराचे नोकरच. पण त्यांचा पगार ठरवते संचालक मंडळ, आणि मंडळावर बहुधा दुसऱ्या कंपन्यांचे असेच साहेब बसतात. एकमेकांच्या पानात तूप वाढायला कोणाचा हात आखडतो? वॉशिंग्टनच्या एका अभ्यास संस्थेने मोठ्या कंपन्यांचा हिशेब मांडला आहे. १९६५ साली मुख्य साहेबांना साध्या कामगाराच्या सुमारे २० पट मिळे. अलीकडच्या काळात हे प्रमाण ३०० पटींच्या घरात गेले. जनरल मोटर्सला २००७ साली ३८.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्यातला बराचसा हिशेबाच्या वहीतला होता, हे खरे. पण त्याच वर्षी वॅगनर यांचा मोबदला मात्र दीड कोटी डॉलरच्या आसपास होता. आणि त्याच वर्षी कामगार संघटनेशी करार होऊन नव्या कामगाराचा पगार जुन्याच्या जवळजवळ निम्म्यावर आला. जुन्याला तासाला २८ डॉलर, तर नव्याला १४. एकाच पाळीत, एकाच पट्ट्यावर, खांद्याला खांदा लावून काम करणारे हे दोघे.

तिघांना एका मापाने मोजू नये, हेही सांगितले पाहिजे. फोर्डचे मुलॅली दूरदृष्टीचे गृहस्थ. २००६ सालीच त्यांनी कंपनीची बहुतेक मालमत्ता, अगदी फोर्ड नावाची ती निळी खूण सुद्धा, गहाण टाकली आणि २३ अब्ज डॉलरच्या वर कर्ज उभे केले. त्या बळावर फोर्डने पुढे सरकारच्या या मदतीला हात लावला नाही. पण वर्षाला एक डॉलर पगार घ्याल काय, असे समितीत विचारल्यावर, आहे ते ठीक आहे, अशा अर्थाचे ते बोलले. कामाला वाघ, पण लोकांचे मन त्या दिवशी त्यांनाही वाचता आले नाही.

तिघे हात हलवीत परत आले. डिसेंबरात पुन्हा गेले. या वेळी मोटारीने! सुमारे ८०० किलोमीटरची वाट, आणि प्रत्येकजण आपापल्या कंपनीच्या, पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीत. पगार एक डॉलर घेऊ, असे आता तिघेही म्हणाले. फोर्डने विमाने विकायला काढली. मागणी मात्र २५ वरून ३४ अब्जांवर गेली होती. हे सोंग आहे, म्हणून पुष्कळ लोक हसले. आम्ही म्हणतो, सोंग तर सोंग. लोकांच्या रागाने साहेबांना विमानातून खाली उतरवले, हे काही थोडे नाही.

संसदेत मदतीचा ठराव अडकला. शेवटी १९ डिसेंबरला अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठीच्या पैशातून १७.४ अब्ज डॉलर जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना कर्जाऊ दिले. पुढे मार्च २००९ मध्ये नव्या सरकारने वॅगनर यांना पद सोडायला लावले. एप्रिलअखेर क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारने जनरल मोटर्समध्ये एकूण ४९.५ अब्ज डॉलर घातले. २०१३ पर्यंत शेअर विकून त्यातले सुमारे ३९ अब्ज परत आले. उरलेला भार जनतेच्या तिजोरीवर. कंपन्या मात्र जगल्या, आणि पुष्कळांची नोकरीही.

सर्वांची नाही. विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचे लहानसे शहर आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९१९ पासून चालू होता. मोठ्या गाड्या तिथेच बनत. २३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळ दोन दिवसांवर असताना, तिथून शेवटची गाडी बाहेर पडली. तिथल्या काही कामगारांना चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या कारखान्यात काम मिळाले. आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत राहायचे, शनिवार-रविवारी बायकामुलांकडे यायचे. कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या घरी हे सांगायला नको. यांना खास विमान नव्हते. जुनी मोटार आणि रात्रीचा रस्ता.

या गोष्टीचा दुसरा भाग २०२३ सालचा. आता कंपन्या पुन्हा भरभराटीला आल्या होत्या. १५ सप्टेंबरला कामगार संघटनेने तिन्ही कंपन्यांत एकदम संप पुकारला. असे पूर्वी कधी झाले नव्हते. संघटनेचे म्हणणे होते की, चार वर्षांत साहेबांचा मोबदला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढला, मग आमचाही वाढू द्या. जनरल मोटर्सच्या मुख्य तेव्हा मेरी बारा होत्या. २०२२ साली त्यांना सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. कंपनीतल्या मधल्या नोकराच्या पगाराच्या ते ३६२ पट होते. मधला नोकर म्हणजे कोण? सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीने उभे करा. बरोबर मध्यावर जो येईल, तो. वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे त्याला जे मिळवायला वर्ष लागे, ते बाईंना जवळजवळ एका दिवसात मिळे.

या मेरी बारा कोणा धनवंताच्या कन्या नव्हेत बरं का. त्यांचे वडील जनरल मोटर्सच्याच कारखान्यात ३९ वर्षे साचे बनवण्याचे काम करीत. त्या स्वतः अठराव्या वर्षी कारखान्यात लागल्या, आणि गाड्यांचे पत्रे तपासायचे काम करीत होत्या. आपला बहुतेक मोबदला कंपनीच्या कामगिरीवरच ठरतो, असे त्यांनी सांगितले. तेही खरे. पण कामगाराची लेक त्या खुर्चीवर बसली, तरी मधले अंतर ३६२ पटच राहिले.

संप सहा आठवडे चालला. साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ कबूल झाली. पुऱ्या पगारावर पोचायला नव्या कामगाराला आठ वर्षे लागत, ती तीनवर आली.

हे पटीचे आकडे बाहेर कसे येतात, असे कोणी विचारील. तिकडे २०१० साली तसा कायदा झाला, आणि २०१८ पासून कंपन्या ते छापू लागल्या. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यात तीच तरतूद आहे. ज्या कंपनीचे शेअर बाजारात विकले जातात, तिने प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या नोकराच्या किती पट आहे, ते दर वर्षी अहवालात सांगावे लागते. गावातल्या पुष्कळांची मुले अशा कंपन्यांत कामाला आहेत. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, आणि हा आकडा पुढच्या रंगीत पानांवर सापडत नाही. तो मागे, संचालकांच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात, बारीक अक्षरात असतो.