चूल, धूर व जळण : एक व्यावहारिक धडा

आपल्या खेड्यांत दिवसाचा आरंभ चुलीपासून होतो व शेवटही चुलीपाशींच होतो. आतां घरोघर ग्यास आला आहे हें खरें. तथापि टाकी संपली व ती भरून आणण्यास पैसा नसला म्हणजे पुनः चूल पेटते. भाकरी व अंघोळीचें पाणी यांसाठीं तर पुष्कळ घरीं ती रोज पेटते. इतक्या नित्याच्या वस्तूविषयीं शिकावयाचें तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें घरांतील चुलींच्या धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें अकालीं मरण पावलीं, आणि त्यांत पांच वर्षांखालील मुलें दोन लक्षांहून अधिक होतीं. जी आई चुलीपुढें बसते आणि जें मूल तिच्या मांडीवर असतें, त्यांच्याच छातींत हा धूर प्रथम जातो. म्हणून हा धडा घरांतील पुरुषांनींही लक्ष देऊन वाचावा.

१. लाकूड कसें जळतें. लाकूड एकदम पेटत नाहीं. प्रथम त्यांतील पाण्याची वाफ होऊन जाते. मग तें तापून त्यांतून वायु निघतात. ते पेटले म्हणजे ज्वाळा दिसते. शेवटीं कोळसा उरतो, तो निखारा होऊन जळतो. ह्या वायूंस पुरेशी उष्णता व हवा न मिळाली तर ते अर्धवट जळून निघून जातात. त्यासच आपण धूर म्हणतों. तेव्हां धूर म्हणजे वायां गेलेलें जळण होय. डोळ्यांना येणारें पाणी व लवकर संपणारें सरपण हीं दोन दुःखें नव्हत. तीं एकाच दोषाचीं दोन फळें आहेत.

२. सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडांत पुष्कळदां निम्मे वजन पाण्याचेंच असतें. तें चुलींत घातल्यास अग्नीची शक्ति भात शिजविण्याऐवजीं लाकडांतील पाणी आटविण्यांत खर्च होते. यास्तव पावसाळ्याचें सरपण हिवाळ्यांतच फोडून ठेवावें. मनगटाहून जाड ढलपे ठेवूं नयेत. जमिनीवर दगड मांडून त्यांवर रास रचावी. वरून पाऊस लागूं देऊं नये, पण बाजूंनीं वारा खेळूं द्यावा. वाळलेल्या लाकडाच्या टोकांस चिरा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असतां टणटणीत आवाज येतो. ओल्यांचा आवाज दबका असतो. प्लास्टिक, रबर व रंग दिलेलें लाकूड चुलींत कधींही घालूं नये. त्यांचा धूर विषारी असतो.

३. जाळ करण्याची रीत. तीन दगडांच्या उघड्या चुलींत लाकडाच्या उष्णतेपैकीं सुमारें दहावा हिस्साच भांड्यास पोहोंचतो. बाकीची आजूबाजूस जाते. चुलीचें तोंड लाकडांनीं ठासून भरल्यानें हवा कोंडते व धूर वाढतो. म्हणून दोन तीन बारीक लाकडांचीं टोंकें मात्र जाळांत ठेवावीं, आणि जळत जातील तसतशीं तीं पुढें सारावीं. खालीं लोखंडी जाळी घातल्यास हवा तळांतून चढते. यासाठीं राख रोज काढावी. तुराट्या व पऱ्हाट्या भराभर जळतात, म्हणून त्या थोड्या थोड्या घालाव्या. भांड्यावर झांकण ठेवावें. कडधान्य आदल्या रात्रीं भिजत घालावें. मुख्य चुलीच्या जाळावर वैलावरील भांडें तापवून घ्यावें. ह्या साध्या गोष्टींनींच पुष्कळ जळण वांचतें.

४. धुराडें. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. धुराड्याचें सारें काम ह्या एका नियमावर चालतें. बिनधुराच्या चुलीचे प्रयत्न आपल्या देशांत जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडींत मगन चूल निघाली. १९५३ सालीं डॉ. राजू यांनीं हैदराबादेच्या चुलीची माहिती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पुढें सरकारनें सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालविली, ती केंद्र सरकारनें २००२ सालीं बंद केली. त्या योजनेंतील पुष्कळ चुली लवकरच निरुपयोगी झाल्या. कारण नळ काजळीनें बुजले व फुटलेले कोणी दुरुस्त केले नाहींत. यावरून बोध हा कीं, धुराडें बसविणें हें अर्धें काम. तें साफ ठेवणें हें उरलेलें अर्धें. नळाचें तोंड छपराच्या वर गेलें पाहिजे. गवती छपराला तापलेला नळ चिकटूं देऊं नये. मध्यें पत्रा व मोकळी जागा ठेवावी. चूल थंड असतां दर महिन्यास नळांतील काजळी काढावी, नाहीं तर तीच एके दिवशीं पेट घेते. धुराडें नसल्यास निदान चुलीसमोरची खिडकी उघडी ठेवावी व तान्हें मूल चुलीपासून दूर निजवावें.

५. धोक्याच्या गोष्टी. विझत्या चुलीवर रॉकेल ओतूं नये. पदर खोचून मगच चुलीपुढें बसावें. राखेंत निखारा दिवसभर व अधिकही जिवंत राहतो. म्हणून ती धातूच्या भांड्यांत काढून पाणी शिंपडावें व मगच उकिरड्यावर टाकावी. थंडीच्या दिवसांत कोळशाची पेटती शेगडी बंद खोलींत ठेवून कोणीही निजूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाहीं व वासही नाहीं, आणि त्यानें निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो. कोणी भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटें साधें गार पाणी सोडावें. हळद, तूप किंवा शाई लावूं नये. मग स्वच्छ कापड सैल झांकून दवाखान्यांत न्यावें.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न :
(१) धूर म्हणजे काय? तो अधिक कां होतो?
(२) लाकूड वाळलें आहे हें कसें ओळखावें?
(३) सुधारलेल्या चुली निरुपयोगी कां झाल्या?
(४) बंद खोलींत शेगडी कां ठेवूं नये?
(५) आपल्या घरीं धुराडें असल्यास तें शेवटीं केव्हां साफ झालें? ह्याचें उत्तर घरीं जाऊन, चूल पाहून, उद्यां द्यावें.